ठेंगण्या फोटोग्राफरचा शोध

जीवराम मूळचे असोद्याचे. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले त्या साली त्यांचा जन्म. वय विचारलं की म्हणायचे, "मी अन् जिल्हा एका वयाचे." घरची कापसाची शेती पाहायला दोन थोरले भाऊ होते. धाकट्याला शिकायला जळगावला ठेवलं, तो शाळा संपली तरी परत गेला नाही. एका फोटोग्राफरच्या हाताखाली राहिला. हे गृहस्थ नागपूरकडचे, म्हातारे, अबोल. काच कॅमेऱ्यात कशी भरायची, लाल दिव्याच्या खोलीत ती औषधात कशी हलवायची, उन्हात कागदावर फोटो कसा उतरवायचा, हे सगळं त्यांनी जीवरामला नीट शिकवलं. पुढे त्यांचे डोळे साथ देईनात, तेव्हा ते मुलाकडे निघून गेले आणि जाताना कॅमेरा, स्टँड आणि तळ्यातल्या हंसांचं चित्र असलेला पडदा जीवरामच्या हवाली करून गेले.

आमचं घर त्या दुकानासमोर. त्यामुळे पुढचं मी निम्मं पाहिलेलं आणि निम्मं ऐकलेलं आहे. काही जीवरामभाऊंकडून, काही त्यांच्या बायकोकडून, भिकुबाईंकडून. दोघांच्या सांगण्यात फरक पडला की मी भिकुबाईंचं धरतो.

दुकान हाती आल्यावर जीवरामनं पहिला फोटो काढला तो आपल्या मावशीचा. सुंदरबाई असोद्यातच राहायची. आई लवकर गेल्यामुळे तिनंच याला वाढवलेलं. लुगडं नवं, नाकात नथ, मागे हंस पोहताहेत, अशा थाटात तिला खुर्चीवर बसवलं आणि आठवड्यानं फोटो पुठ्ठ्यावर डकवून नेऊन दिला. मावशीनं तो लांब धरला, जवळ धरला.

"हे कोन व्हय?" तिनं विचारलं.

"तू आहेस, मावशी."

"मी?" ती पुन्हा पाहू लागली. "लुगडं माह्यं आहे. बाई दुसरीच आहे."

ती रागावली नव्हती. तिला खरंच ओळख पटत नव्हती. फोटो तिनं जपून कपड्यांच्या गाठोड्यात ठेवला, भिंतीवर लावला नाही. जीवरामला ते फार लागलं. फोटोत काही बिघाड नव्हता. रेघ न् रेघ स्वच्छ होती, पण चेहरा थापलेल्या भाकरीसारखा सपाट, आणि डोळे जत्रेतल्या बाहुलीचे. मग त्यानं आपले जुने फोटो काढून पाहिले. सगळे तसेच होते.

त्याच हिवाळ्यात तो एका लग्नाचे फोटो काढायला यावलला गेला. तिथं कुंदाबाई नावाच्या विधवा बाईंच्या घरी उतरायची सोय केलेली होती. ओसरीत पाणी पिताना त्याची नजर भिंतीकडे गेली आणि तांब्या हातातच राहिला. भिंतीवर एका म्हातारीचा फोटो होता. मागे हंस नव्हते, कमान नव्हती, नुसती सारवलेली भिंत. म्हातारी हसत नव्हती, पण आत्ताच कुणीतरी तिच्या मनासारखं बोललं असावं आणि ती आता उत्तर देणार असावी, असा तिचा चेहरा होता.

"माझी सासू," कुंदाबाई दाराआडून म्हणाल्या. "तिचं माहेर दोंडाईचा. तिकडेच काढला होता."

पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक छापलं होतं: बन्सीलाल, दोंडाईचा.

त्या लग्नात जीवरामनं काम केलं, पण मन त्या भिंतीपाशी होतं. निघताना त्यानं कुंदाबाईंच्या परवानगीनं तो फोटो उतरवून उन्हात नेला आणि बराच वेळ पाहिला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका मित्राकडून आणलेलं भिंग त्याच्याजवळ असायचं. त्यातून पाहिल्यावर म्हातारीच्या डोळ्यात एक पांढरा ठिपका दिसला, वरच्या अंगाला, दाराच्या आकाराचा. म्हणजे बाई दाराकडे तोंड करून बसली होती. आणि त्याच बुबुळाच्या खाली आणखी एक ठिपका होता, फिका, पसरट. तो कशाचा ते त्याला उमजेना. खाली जमिनीकडून उजेड कुठून येईल?

त्या दिवसापासून जीवरामला घरोघरच्या भिंती पाहायचा नाद लागला. कामाला कुठंही गेला, धरणगाव, अमळनेर, एरंडोल, की आधी विचारायचा, "तुमच्याकडे जुने फोटो आहेत का?" गावातल्या लोकांना वाटे, हा सोयरीक पाहायला आला आहे आणि आडवळणानं घरदार बघतो आहे. एका ठिकाणी तर त्याला पोहे खाऊ घालून मुलीची पत्रिकाच पुढे केली. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं.

तो सगळ्यांचेच फोटो पाहायचा. मुंबईच्या पारशी स्टुडिओतले, इंदूरचे, सुरतेचे. कुणाचा पडदा चांगला, कुणी हात सुरेख ठेवलेले. पण बन्सीलालचं नाव दिसलं की तो मांडी घालून बसायचा. फोटोतला माणूस हयात असेल तर त्यालाच विचारायचा: कुठं बसवलं होतं? सकाळ होती का दुपार? फोटो काढताना काय म्हणाले? शहाण्यासुरत्या माणसांनाही या प्रश्नांची उत्तरं लगेच सुचत नसत, पण थोडं बसलं की आठवत. एक म्हातारा आबा म्हणाला, "त्यांनी मला बैलजोडीचं विचारलं. मी सांगत बसलो. फोटो कधी काढला ते कळलंच नाही."

पाहता पाहता एक गोष्ट जीवरामच्या ध्यानात आली. बन्सीलालच्या नावाचे फोटो दोन तऱ्हेचे होते. पुरुषांचे फोटो चांगले होते, पण त्याला जागेवर खिळवणारे होते ते बायकांचे. आणि त्यांत कॅमेरा खाली असायचा. पुरुषांच्या फोटोत खुर्चीची बैठक वरून दिसायची, जमीनही बरीच दिसायची. बायकांच्या फोटोत बैठक दिसतच नव्हती. समोर बसून एखादी शेजारीण बोलावी तितक्या उंचीवरून ते घेतलेले होते. जीवरामनं मनाशी धरलं की बन्सीलालकडे एक हाताखालचा माणूस आहे, अंगानं ठेंगणा, आणि हे फोटो त्याचे आहेत. दुकान बंद केल्यावर तो भिकुबाईंना या ठेंगण्या माणसाच्या गोष्टी सांगायचा. त्याला मिशा असाव्यात की नसाव्यात इथपर्यंत.

अडचण एकच होती. ज्या बायकांचे ते फोटो होते, त्यांच्याशी परक्या पुरुषाला बोलता येत नसे. घरातले पुरुष बायकांच्या वतीनं उत्तर द्यायचे आणि त्यांना काही ठाऊक नसायचं. "बन्सीलालनं काढला, नाव छापलंय ना," एवढंच.

शेवटी भिकुबाई म्हणाल्या, "मले घेऊन चला. तुम्ही ओसरीवर बसा, मी आत बसते."

दोघं धरणगावला एका ओळखीच्या घरी गेले. जीवराम बाहेर घरधन्याशी कापसाच्या भावाचं बोलत बसला. आत भिकुबाईंनी दोन बायकांना त्यांच्या फोटोविषयी विचारलं. आतून हसण्याचे आवाज आले, ते बराच वेळ थांबले नाहीत. परतताना बैलगाडी गावाबाहेर पडली.

"काय कळलं?" जीवरामनं विचारलं.

"खाली पांढरं धोतर अंथरतात. पायापाशी. त्याच्यावर उन्ह पडतं आणि तोंडावर येतं."

डोळ्यातल्या त्या खालच्या ठिपक्याचं उत्तर मिळालं होतं. जीवराम गाडीत उठून बसला. "आणि तो माणूस? ठेंगणा आहे ना?"

"ठेंगणाच आहे," भिकुबाई म्हणाल्या. "पण माणूस नाही. तुमचा माणूस बाई आहे. बन्सीलालची बायको."

हे सांगताना, म्हाताऱ्या झाल्यावरसुद्धा, भिकुबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. जीवराम त्या वेळी एवढंच म्हणाला म्हणे, "म्हणून फोटोतल्या बायका अशा पाहतात."

दोंडाईच्याला जायचं त्याच दिवशी ठरलं, पण जायला वर्ष गेलं. त्या वर्षात जीवरामनं समजलेलं सगळं करून पाहिलं. हंसांचा पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला. गिऱ्हाइकाला दारासमोर बसवायचं, पायाशी धोतर, कॅमेरा खाली, शेतीपाण्याच्या गप्पा. फोटो एकदम सुधारले. दुकानात गर्दी होऊ लागली. पण एके दिवशी आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ हातात फोटो घेऊन आले आणि अगदी सहज म्हणाले, "जीवरामभाऊ, आमच्या नानांचा फोटो झकास आलाय. शेजारच्या अण्णांचाही झकास आलाय. पण दोन्ही एकच वाटतात. नुसती पगडी बदलल्यासारखी."

जीवरामनं दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. त्यांचं म्हणणं खरं होतं. मग मात्र तो थांबला नाही. भिकुबाईंना घेऊन त्यानं सुरतेकडची गाडी पकडली.

दोंडाईच्यात तो मिरच्यांचा मोसम होता. स्टेशनापासून बाजारापर्यंत नाकाला झिणझिण्या येत होत्या. बन्सीलाल उंचपुरे निघाले, दारातून वाकून बाहेर आले. जीवरामनं नमस्कार करून सांगितलं, "मी जळगावहून आलो. तुमचे फोटो पाहत फिरतोय. त्यातले निम्मे तुम्ही काढलेले नाहीत."

बन्सीलाल दाराकडे वळले. मग त्यांनी आत हाक दिली, "सुमनच्या आई, बाहेर या. हा पहिलाच माणूस आहे ज्यानं ओळखलं."

"मी नाही ओळखलं," जीवराम म्हणाला. "हिनं विचारून काढलं." आणि त्यानं भिकुबाईंकडे बोट दाखवलं.

त्यांची बायको, ताईबाई, बाहेर आल्या. खरोखरच ठेंगण्या, रुंद कपाळाच्या, हाताला मिरच्यांचा रंग लागलेल्या. बन्सीलालनं सांगितलेली हकीकत साधी होती. नवरे बायकांना फोटोला घेऊन यायचे, पण कॅमेऱ्यामागे पुरुष पाहिला की बाईचा पदर नाकापर्यंत यायचा. एकदा ताईबाई दोन्ही पुरुषांना म्हणाल्या, बाहेर जा. आणि त्यांनी स्वतः कॅमेऱ्याचं काळं कापड डोक्यावर घेतलं. त्या शिकल्या कशा, तर नवऱ्याचा एक मित्र सुरतेच्या स्टुडिओत होता, तो तिकडचे वाया गेलेले फोटो पाठवायचा. ते जमिनीवर पसरून त्या पाहत बसायच्या. दुसरीनं शिवलेली गोधडी पाहताना टाका कुठून निघाला, कुठं गेला ते पाहावं, तसं.

जीवरामनं आपले फोटो पुढे ठेवले. ताईबाईंनी ते अंगणात उन्हात मांडले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई बठ्ठा मनाच फोटू शेत."

हे तर सगळे माझेच फोटो आहेत, असं त्या म्हणत होत्या. जीवराम खाली पाहू लागला. ताईबाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी त्यातला एक उचलला आणि उलटा, डोकं खाली करून, त्याच्या हातात दिला. "असा पाहा. आता तोंड दिसत नाही, नाव आठवत नाही. उजेड कुठं आहे आणि अंधार कुठं, एवढंच दिसतं. आधी ते पाहायचं. माणूस मग." कॅमेऱ्याच्या काचेत माणूस उलटा दिसतो हे जीवराम इतकी वर्षं पाहत होता, पण फोटो हातात घेऊन उलटा पाहायचा, हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

मग त्यांनी आपल्या फोटोंची पेटी आणली. "बठ्ठा म्हणतस, चांगला शे. तू सांग, वाईट कोनता शे?"

हे जीवरामला जमेना. जे फोटो पाहायला गावोगाव हिंडलो त्यात खोट कशी काढायची? तो पुन्हा पुन्हा पेटी उपसत राहिला. भिकुबाईंनी मात्र थोड्या वेळात एक फोटो बाजूला काढला.

"हा. हिच्या अंगावरचे दागिने हिचे नाहीत."

"कशावरून?"

"पाटल्या पाहा की. मनगटात किती ढिल्या. हात वर केला तर कोपराला जातील. आणि हिला ते माहीत आहे, म्हणून हात मांडीवरून उचलतच नाही."

ताईबाई फोटो हातात घेऊन उभ्या राहिल्या. "माझ्या पाटल्या आहेत," त्या म्हणाल्या. "तिला हौस होती. मला वाटलं, बरं दिसेल." थोड्या वेळानं त्यांनी मान हलवली. "नव्हत्या द्यायला पाहिजे."

ते ऐकून जीवरामलाही धीर आला. "अक्का," तो म्हणाला, "तुमच्या सगळ्या बायका डावीकडं पाहतात."

ताईबाई मोठ्यानं हसल्या. "मना अंगणमा उजेड तिकडूनच येस. मी काय करू?" मग हसणं थांबवून त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एकच अंगण आहे भाऊ. तू तुझ्याकडचं पाहा."

ते तिथं तीन दिवस राहिले. जीवराम म्हणायचा की ताईबाईंनी त्याला फारसं काही शिकवलं नाही. भिकुबाई म्हणायच्या की आपल्याला पुष्कळ शिकवलं, कारण त्या दिवसांत काळ्या कापडाखाली जास्त वेळ त्याच होत्या.

जळगावला आल्यावर काही आठवड्यांनी जीवराम असोद्याला गेला. कापूस घरात आला होता. मावशीच्या अंगणात कापसाचा ढीग पडला होता आणि सुंदरबाई त्याच्याजवळ बसून कवडी वेचून बाजूला टाकत होती, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. सकाळचं ऊन ढिगावर पडलं होतं आणि तिथून उसळून तिच्या चेहऱ्यावर येत होतं. हनुवटीखालच्या सुरकुत्या, ओठांच्या कडा, सगळं खालून उजळलं होतं. धोतर अंथरायची गरजच नव्हती. असा उजेड असोद्यात दर हंगामात दारोदार असायचा आणि तो त्यातच लहानाचा मोठा झाला होता.

त्यानं कॅमेरा लावला. मावशी म्हणाली, "लुगडं बदलून येते."

"नको. असू दे हेच. कवडी फार निघाली का यंदा?"

"निघाली ना. त्या वरच्या वावरातला कापूस तसलाच. तुह्या भावाले म्हनलं होतं..." आणि ती सांगू लागली, हात चालूच.

हा फोटो नेऊन दिला तेव्हा सुंदरबाईनं तो लांब धरला नाही. लगेच म्हणाली, "पाह्य, कवडी हातातच राहिली माह्या." आणि सुनेला खिळा आणायला सांगितलं.

त्यानंतर जीवरामनं दुकानात कमीच फोटो काढले. कापसाच्या जिनिंगमध्ये, खळ्यावर, गिरणा नदीच्या वाळूत, जिथं ज्याचं काम तिथं तो कॅमेरा घेऊन जायचा. यावलच्या केळीच्या बागांत पानांतून गाळून येणाऱ्या दुपारच्या उन्हाचे किती प्रकार होतात, हे तो कुणालाही पकडून सांगायचा. ऐकणारा कंटाळतो आहे हे त्याच्या लक्षात येत नसे. दुकान पुष्कळसं भिकुबाईंच्या हाती आलं. बुधवारचा दिवस फक्त बायकांचा. त्या दिवशी जीवरामला दुकानात यायला बंदी असायची आणि तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा, पानाचा डबा घेऊन. समोर बायका जायच्या, यायच्या. असोद्याच्या, भादलीच्या, थेट भुसावळच्यासुद्धा.

दोघांच्या फोटोंवर दोघांची खूण वेगवेगळी होती. सुरुवातीला बन्सीलालसारखं एकच नाव छापायचं ठरलं होतं. पण छापखान्यात जाताना जीवरामच म्हणाला, "पुढं कुणी शोधत हिंडला तर त्याला धरणगावापर्यंत जायला नको," आणि भिकुबाईंच्या नावाचा वेगळा ठसा करून आणला.

चाळीस सालानंतर त्यांच्याकडे शिकायला माणसं येऊ लागली. धुळ्याहून रुपचंद नावाचा एक शिंपी आला, धंदा सोडून. एक चित्रकलेचे मास्तर होते, शालिग्राम. अशांना जीवराम पहिले काही महिने कॅमेऱ्याला हात लावू देत नसे. रविवारी सगळ्यांना घेऊन एखाद्या गावी जायचा आणि घरोघरच्या भिंती दाखवायचा. फोटो उलटा धरायला लावायचा. काढलेला फोटो चांगला का आहे हे सांगितलं तर ऐकून घ्यायचा, पण त्यात काय राहून गेलंय ते सांगितलं की खूश व्हायचा. बायकांचे फोटो असले की भिकुबाई आत जाऊन विचारून यायच्या आणि बाहेर सांगायच्या. ताईबाईही दोनदा येऊन गेल्या. जळगावचं पाणी त्यांना मानवत नसे, पण भिकुबाईंच्या हातची भरीत-पुरी मानवायची.

रुपचंद हुशार होता आणि वाद घालणारा. मास्तरांनी जीवरामचे फोटो वाखाणले की हा हटकून दोष काढायचा. एकदा म्हणाला, "तुमच्या फोटोतली माणसं कायम कामात असतात. माणूस कधी नुसता बसत नाही का?"

"मी नाही बसत," जीवराम म्हणाला.

"तुम्ही दर बुधवारी ओट्यावर बसता."

यावर भिकुबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला कागद औषधात पडला.

सत्तेचाळीसच्या दिवाळीत दुकानाच्या दर्शनी काचेत कोणता फोटो लावायचा यावरून दोघांची नेहमीची जुंपली. दरवर्षी दोघांचे दोन फोटो असत, आणि शेवटी मला ओट्यावरून बोलावून कौल घेतला जाई. मी कुणाचीही बाजू घेतली तरी त्यांच्याकडचा फराळ उशिरा यायचा. त्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. संध्याकाळी पाहतो तर काचेत तिसराच फोटो होता. एका पारावर एक म्हातारा बसला होता, काही न करता, पायातल्या वहाणा बाजूला काढून. खाली रुपचंदचं नाव.

मी रस्ता ओलांडून गेलो आणि विचारलं, हा कसा काय ठरला?

"त्याचा चांगला आहे," भिकुबाई दिव्यांत तेल घालता घालता म्हणाल्या. जीवराम आतून म्हणाला, "वहाणा थोड्या जास्त पुढं आल्यात." मग तो बाहेर आला, काचेसमोर उभा राहिला आणि आम्ही तिघं तो फोटो पाहत बसलो. घरात करंज्या तळून तयार होत्या, त्या भिकुबाईंनी तिथंच आणून दिल्या.